केमिस्ट्री शिकलेल्या मुलीने पेटंटच्या कामात जावे का?

स. न. वि. वि.

खेडहून लिहिलेले आपले पत्र मिळाले. आपली मुलगी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, जवळच्या लोटे औद्योगिक वसाहतीतील एका रेझिन (रंग-कोटिंगसाठी लागणारी राळ) कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये तिला नोकरी मिळू शकते, परंतु पावडर कोटिंगच्या (धातूवर भुकटी फवारून ओव्हनमध्ये भाजलेल्या रंगाच्या) हार्डनरवरील, म्हणजे तो थर घट्ट करणाऱ्या रसायनावरील, पेटंटचे वाद वाचल्यापासून तिने पेटंट एजंट, म्हणजे इतरांचे पेटंट अर्ज लिहून ते पेटंट कार्यालयापुढे मांडणारी व्यक्ती, होण्याचा ध्यास घेतला आहे. ‘पाच वर्षे केमिस्ट्री शिकून वकिलांचे कागद लिहायचे का, आणि त्यासाठी आधी एलएल.बी. करावी लागेल का?’ असे आपण विचारले आहे.

एलएल.बी. लागत नाही. वयाची २१ वर्षे पूर्ण झालेल्या, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी असलेल्या भारतीय नागरिकाला पेटंट एजंटच्या परीक्षेला बसता येते. दोन लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा असते. प्रत्येक पेपरात ५० टक्के आणि एकूण ६० टक्के गुण लागतात. मात्र ही परीक्षा दरवर्षी होईलच असे नाही, त्यामुळे केवळ तिच्या भरवशावर घरी बसून राहणे मला पटत नाही.

आता कागद लिहिण्याविषयी. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्यामुळे खिडक्यांना पावडर कोटिंग केलेले ॲल्युमिनियम सर्रास वापरतात. त्यावरील पॉलिएस्टरचा थर ओव्हनमध्ये घट्ट करण्यासाठी पूर्वी प्रामुख्याने टीजीआयसी हा हार्डनर वापरला जाई. तो जनुकांना अपाय करू शकतो म्हणून युरोपात त्याचे वर्गीकरण कडक झाले आणि उत्पादक हायड्रॉक्सिअल्किलअमाइडकडे वळले. या दुसऱ्या हार्डनरची अडचण अशी की अभिक्रियेत पाणी सुटते, आणि थर साधारण १०० मायक्रॉनच्या वर गेला की वाफ बाहेर पडताना पृष्ठभागावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रे राहतात. वायू बाहेर काढण्यासाठी बेंझॉइन घालतात, पण जास्त झाले तर पांढरा रंग पिवळट दिसू लागतो.

समजा, एखाद्याने हा हार्डनर, बेंझॉइन आणि तिसरा एक घटक ठराविक प्रमाणात घेऊन जाड थरही छिद्रांविना मिळवला आणि पेटंट मागितले. प्रतिस्पर्धी म्हणेल की तिन्ही घटक जुनेच आहेत, टीजीआयसी सोडण्याचे कारण सर्वांना ठाऊक होते, तेव्हा यात शोध कसला? पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) प्रमाणे त्या क्षेत्रातील जाणकाराला जे उघडपणे सुचले असते त्याला पेटंट मिळत नाही, आणि कलम ३(ई) प्रमाणे घटकांच्या गुणांची नुसती बेरीज असलेले मिश्रणही चालत नाही. अर्जदाराला दाखवावे लागते की जुन्या साहित्यावरून त्या प्रमाणाकडे कोणी वळले नसते आणि परिणाम बेरजेपेक्षा वेगळा आहे. उत्तर कळल्यावर सगळेच सोपे वाटते. अर्जाच्या तारखेआधी काय माहीत होते तेवढ्यावरच निवाडा करणे ही या वादांतली खरी कसोटी आहे. अर्जदाराने तुलनेसाठी घेतलेले नमुने योग्य होते का, सर्व पॅनेलवर (चाचणीसाठी रंगवलेल्या पत्र्यांवर) थराची जाडी सारखी होती का, ओव्हनचे तापमान मुद्दाम त्याच्या सोयीचे निवडले होते का, हे ज्याने पॅनेल हातात घेतले आहे त्यालाच चटकन विचारता येते. म्हणजे हे काम केमिस्ट्रीचेच आहे.

म्हणूनच माझे मत आपल्याला आणि मुलीला दोघांनाही थोडे न आवडणारे आहे. तिने लोट्याची नोकरी घ्यावी, पण ती कायमची समजून नव्हे. दोनेक वर्षे बॅच तपासताना, तक्रारीचे नमुने पाहताना जे कळेल ते कोणत्याही क्लासमध्ये मिळणार नाही. त्याच काळात संध्याकाळी १९७०चा पेटंट कायदा आणि त्याचे नियम मुळातून वाचावेत. परीक्षेची अधिसूचना निघाली की नोकरीत राहूनच परीक्षा द्यावी. पुढे मुंबईतील पेटंट फर्म किंवा मोठ्या रंग कंपन्यांचे पेटंट विभाग तिच्यासाठी खुले असतील. पेटंट परीक्षकाच्या सरकारी पदासाठीही तिची पदव्युत्तर पदवी उपयोगी पडेल. एजंटला पेटंट कार्यालयापुढे बाजू मांडता येते, उच्च न्यायालयात मात्र वकीलच लागतो. तिथे उभे राहावेसे वाटले, तर एलएल.बी.चा विचार तेव्हा करावा.

तोवर तिने एक काम करून पाहावे. गूगल पेटंट्सवर हायड्रॉक्सिअल्किलअमाइडचे एखादे जुने पेटंट काढून त्यातला पहिला क्लेम (नेमक्या कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारे कलम) वाचावा, आणि त्याच्या तारखेआधीचे असे दोन संदर्भ शोधावेत जे एकत्र वाचल्यावर तो क्लेम कोसळेल. आठवडाभर त्यात डोके घालूनही कंटाळा आला नाही, तर आपण तिला अडवू नये.

आपला,
करिअर मार्गदर्शक