शेणखतावर कोणता कांदा?

प्रश्न: यंदा अर्धा एकर उन्हाळी कांदा रासायनिक खताविना करायचाय. एन-२-४-१ हा वाण चालेल का? (एक वाचक, निफाड तालुका)

उत्तर: चालेल दादा, पण उताऱ्याची, म्हणजे उत्पादनाची, रासायनिक खतावरच्या कांद्याशी बरोबरी लगेच करू नका. माझे युरियाचे आणि शेणखताचे असे दोन्ही वाफे शेजारी-शेजारी असतात. उशिरापर्यंत युरिया खाल्लेला कांदा पोसतो मोठा, पण मान जाड राहते आणि चाळीत (कांदा साठवतो तिथं) आधी तोच सडतो. शेणखतावरचा लहान, मान बारीक, दिवाळीपर्यंत टणक. दोन-चार वाफे भीमा शक्तीही लावून बघा. राजगुरुनगरच्या संशोधन केंद्राचा वाण आहे. खरी डोकेदुखी फुलकिड्यांची. पोंगा (मधली कोवळी पात) उलगडून बघा, पिवळट बारीक किडे सापडतील. ५ टक्के निंबोळी अर्क फवारा, तोही संध्याकाळी. शेणखत मात्र कुजलेलंच घाला. मी एकदा कच्चं टाकलं, हुमणीनं (मुळं कुरतडणारी अळी) अर्धा वाफा खाल्ला.