सिगारेट सोडून व्हेपवर आलं तर तब्येतीला खरंच फायदा होतो का?

तुम्ही लिहिलंय की पंधरा वर्षं सिगारेट ओढताय, दम्यासाठी थिओफायलिनच्या गोळ्या चालू आहेत, आता नोकरीमुळे इंग्लंडला आलात आणि व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, जायचा विचार आहे. मी इथे फार्मसीत काम करते, सिगारेट सोडू पाहणारी माणसं रोज भेटतात. फायदा होतो, पण सिगारेट पूर्ण बंद केली तरच.

व्यसन निकोटिनचं असतं, पण कॅन्सर आणि फुप्फुसांचे आजार होतात ते मुख्यतः तंबाखू जळून होणाऱ्या धुरामुळे. व्हेपमध्ये काही जळत नाही, द्रव तापून त्याची वाफ होते. त्यामुळे धुरातलं चिकट डांबर (टार) नाही, कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नाही. आमच्याकडे श्वासातला हा वायू मोजायचं यंत्र आहे. सिगारेट थांबवली की एक-दोन दिवसांतच आकडा खाली येतो, आणि तो बघून माणसाला केवढा हुरूप येतो! डंडी विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासात सिगारेट सोडून व्हेपवर आलेल्यांच्या रक्तवाहिन्यांचं काम महिन्याभरातच सुधारलेलं दिसलं होतं.

घात होतो तो दोन्ही चालू ठेवल्याने. घरात व्हेप आणि ऑफिसबाहेर चहासोबत 'फक्त एक' सिगारेट. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जादा धोका असतो, आणि तो वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा भरतो. म्हणून त्या 'फक्त एक'वर माझा भारी राग आहे.

व्हेप निरुपद्रवी मात्र नाही. घसा कोरडा पडतो, खोकला येतो, आणि वीस-तीस वर्षं ओढल्यावर काय होतं ते कळायला अजून तेवढा काळच गेलेला नाही. शिवाय ते सुटता सुटत नाही. २०१९मध्ये इथेच झालेल्या एका चाचणीत व्हेप घेणाऱ्या १८ टक्के लोकांची सिगारेट वर्षानंतरही बंद होती. गम, पॅच वगैरे वापरणाऱ्यांत ९.९ टक्के. पण व्हेपने सिगारेट सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक तेव्हाही व्हेप ओढतच होते. सिगारेटची ओढ पूर्ण गेली की द्रवातलं निकोटिन हळूहळू कमी करत जा.

आता तुमच्या गोळ्या. तंबाखूच्या धुरामुळे यकृत थिओफायलिन लवकर संपवतं. धूर थांबला की तोच डोस रक्तात जास्त साठतो. मळमळ, धडधड होऊ शकते, फिटचे झटकेसुद्धा येऊ शकतात. व्हेपवर गेलात तरी हे होणारच, कारण हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. सिगारेट थांबवायची तारीख डॉक्टरांना आधी सांगा.

पुण्यातल्या भावासाठी व्हेप नेऊ का, असंही विचारलंत. नेऊ नका. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेट आणण्यावर बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याला तिथे निकोटिन गम मिळेल, आणि १८००-११-२३५६ या सरकारी हेल्पलाइनवर फुकट सल्लाही मिळेल.