मूल्यशिक्षणाच्या ट्रेनिंगला जाताय? मग एवढं वाचून जा मॅडम

मॅडम, तुम्ही विचारलंय की वाळवा तालुक्यात नवीनच रुजू झालेय, मूल्याधारित प्रशिक्षणाला नाव लागलंय, तर तिथं खरंच काही मिळतं का नुसती सही करून परत यायचं. मिळतं. मी सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर वर्षानुवर्षं शिकवतोय, अशी ट्रेनिंगं घेतलीत आणि दिलीत पण, म्हणून सांगतो.

मूल्यांची यादी आमची डीएडलाच पाठ झालेली, श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, संवेदनशीलता अशी दहाची दहा. परिपाठात बोधकथा सांगायची, फळ्यावर सुविचार लिहायचा, झालं मूल्यशिक्षण, असंच चालायचं. पुढं मूल्यवर्धन हा कार्यक्रम आला (2009 ला बीड जिल्ह्यात शांतिलाल मुथ्था फाउंडेशननं सुरू केलं, नंतर शासनानं राज्यभर नेलं), त्यात पाया संविधानातल्या मूल्यांचा आणि पद्धत जोडीत, गटात बोलायची, म्हणजे गुरुजी कमी बोलणार आणि पोरं जास्त. ट्रेनिंगमधनं उचलायचं ते हेच.

एक उदाहरण देतो. तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग, प्रश्न साधाच, "तुला कधी खेळायला घेतलं नाही असं झालंय का?" शेजाऱ्याशी बोलायचं, आणि उभं राहून आपलं नाही तर शेजाऱ्याचं सांगायचं. सीझन चालू होता, ऊसतोडीच्या टोळीतला एक पोरगा दाराजवळ बसायचा, त्याच्या जोडीला गावातली मुलगी दिली. ती उठून म्हणाली, "सर, ह्यो म्हणतोय मला समदी टोळीवाला म्हणत्यात, नाव कुणी इचारतच न्हाई." इथं आपल्याला लगेच समतेवर भाषण द्यायची हुक्की येते, ती दाबायची! मी एवढंच विचारलं, मग नाव काय त्याचं? वर्गात कुणालाच येईना, तिनंच त्याला विचारून सांगितलं. त्याच दुपारी पोरांनी त्याला नावानं हाक मारून कबड्डीत घेतलं. शेजाऱ्याचं सांगायचं असलं की नीट ऐकावं लागतं, सगळी मेख तिथं आहे.

आणि आपल्या भागाला हे काही नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटील, म्हणजे आपल्या अण्णांनी साताऱ्यात शाहू बोर्डिंगमध्ये सगळ्या जातीची पोरं एकत्र ठेवली, एका पंगतीला जेवायला बसवली आणि 1935 ला खेड्यातल्या शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज पण काढलं, म्हणजे शिक्षक घडवल्याशिवाय शाळा घडत नाही हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. म्हणून मला राग येतो तो हॉलमध्ये शंभर जणांना कोंबून पीपीटी वाचून दाखवतात त्याचा. तुमच्या इथं तसं झालं तर ट्रेनिंग देणाऱ्या सुलभकांना सरळ म्हणा, सर एक तास खऱ्या पोरांवर घेऊन दाखवा. चांगला सुलभक कधीच नाही म्हणत नाही. आणि जमलं तर एकट्या जाऊ नका, तुमच्याच शाळेतलं अजून कुणी सोबत असू द्या, एकटा माणूस शाळेवर परत आला की महिन्याभरात जुन्या वळणावर जातो.

परत आल्यावर आधी आपलंच बघायचं. आपण कुणाला नावानं हाक मारतो, कुणाला "ए" म्हणतो, चुकल्यावर चारचौघात काय बोलतो. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये मारण्याबरोबर मानसिक त्रासाला पण बंदी आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच नसतं. मग पोषण आहाराच्या वेळी बघा, ताटं कोण मांडतं, पाणी कोण भरतं, झाडून कोण काढतं. सगळं मुलीच करत असतील तर पाळीचा तक्ता नव्यानं करा, मुलगा-मुलगी आळीपाळीनं. एखादा पालक येईलच विचारायला, माझ्या पोराच्या हातात झाडू का दिला म्हणून, तेव्हा चिडू नका, त्याला बसवा, तक्ता दाखवा, पण तक्ता बदलू नका, आणि हे सगळं करायच्या आधी मुख्याध्यापकांच्या कानावर घालून ठेवा म्हणजे ते तुमच्या बाजूनं उभे राहतील.