दक्षिण आफ्रिकेतला ग्राहक 'प्लस मायनस ४० माणसं' लिहितो, तेव्हा पुढचा आकडा राहिलाय का?

तुमच्या डर्बनच्या ग्राहकाने 'जेवायला प्लस मायनस ४० माणसं' असं लिहिलंय आणि पुढे काहीच नाही, म्हणून तो काही विसरला का असं तुम्ही विचारलंय. नाही विसरला. चाळीसेक माणसं येतील, एवढंच त्याला म्हणायचंय.

मी स्वतः यात फसलोय. जोहान्सबर्गच्या पूर्वेला बॉक्सबर्गमध्ये एका मशीन शॉपमध्ये तपासणीचं काम करायचो. त्याआधीची सगळी वर्षं चाकणला गेलेली. ड्रॉइंगवर २५ ± ०.०५ असेल तर २४.९५ च्या खाली किंवा २५.०५ च्या वर गेलेला नग रिजेक्ट, हे डोक्यात पक्कं. पहिल्याच आठवड्यात फोरमन म्हणाला, "आज प्लस मायनस साठ बुश निघतील." मी वही काढली. "प्लस मायनस किती?" "साठ." "हो, पण प्लस मायनस किती?" "अरे, साठ!" शेजारच्या लेथवाल्याने मशीन बंद केलं, ते आमचं भांडण ऐकायला. संध्याकाळी ५७ निघाले आणि कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा नाही.

हे आलंय आफ्रिकान्समधून, म्हणजे डचमधून निघालेल्या तिथल्या भाषेतून. त्या भाषेत आणि तिच्या मूळच्या डचमध्ये 'प्लस-मिनस' हा 'सुमारे'साठी रोजचा शब्द आहे, लिहिताना सरळ ± काढतात. १६५२ मध्ये डच लोक केपला, म्हणजे आजच्या केपटाऊनच्या जागी उतरले, पुढे तिथे इंग्रजीही आली, आणि दोन्ही भाषा इतकी वर्षं एकाच गल्लीत राहिल्यावर असं उसनंपासनं होणारच. लंडनच्या माणसाला मात्र हे ऐकून तुमच्यासारखाच प्रश्न पडेल.

आफ्रिकान्समध्ये अंदाजाची आणखी एक गंमत आहे, ती मला जास्त आवडते. 'दहाएक'साठी ते म्हणतात 'अ स्टक ऑफ टीन'. यातला 'ऑफ' म्हणजे 'किंवा'. शब्दशः 'एक नग किंवा दहा'. आपणही दहाला 'एक' चिकटवूनच दहाएक करतो की! दोन्हींचा काही संबंध नाही, पण ऐकल्यावर मला फार घरचं वाटलं होतं.

कामापुरती खूण सांगतो. ± आकड्याच्या आधी एकटाच असेल तर 'सुमारे' वाचा. दोन आकड्यांच्या मधे असेल तर ती टॉलरन्स, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल त्याची मर्यादा. जेवणाची ऑर्डर असेल तर पक्का आकडा वेगळा मागून घ्या, तिकडे कुणाला त्याचा राग येत नाही. फक्त 'जस्ट नाऊ कळवतो' असं उत्तर आलं तर फोन हातात धरून बसू नका. तेही आफ्रिकान्सच्या 'नेटनाऊ'चं देणं आहे, आणि त्यात 'आत्ता' कमी, 'बघू, थोड्या वेळाने' जास्त असतं.