खाणी सुरू झाल्या म्हणून घर तारण ठेवून दोन टिपर घ्यावेत का?

नमस्कार,

तुमचे पत्र मिळाले. डिचोलीत तुमचा मालवाहू टेम्पो आहे, पत्नी शिक्षिका आहेत, मुलगी नववीत शिकते. बँकेत 14 लाखांची मुदत ठेव आहे. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी परत सुरू झाल्या म्हणून 64 लाखांचे दोन नवे टिपर घ्यायचा तुमचा विचार आहे. त्यासाठी ठेव मोडायची आणि वडिलांच्या नावावरचे घर तारण ठेवून 10 टक्के व्याजाने 5 वर्षांसाठी 50 लाखांचे कर्ज काढायचे. वडील तयार आहेत, पण आईचे मन होत नाही, असेही तुम्ही लिहिले आहे.

आईचे ऐका. घर तारण ठेवू नका आणि दोन नवे टिपरही घेऊ नका. एक जुना टिपर घ्यायला माझी हरकत नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी तुम्हीच पाठवलेला हिशेब पाहू. डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार वजा जाता एका टिपरमागे महिन्याला 70,000 रुपये सुटतील असे तुम्ही धरले आहे. दोन टिपरचे झाले 1.40 लाख. कर्जाचा हप्ता बसेल सुमारे 1.06 लाख. कागदावर 34,000 उरतात, पण तुम्ही बाराही महिने धंद्याचे धरले आहेत. पावसाळ्यात समुद्र खवळला की बार्ज (खनिज जहाजापर्यंत नेणाऱ्या सपाट बोटी) आणि जहाजांची कामे रखडतात, खाणींवरची वाहतूकही थंडावते. हे तुमच्या वडिलांना मी सांगायला नको. आठ महिन्यांची कमाई होते 11.20 लाख, तर वर्षाचे हप्ते 12.75 लाख. म्हणजे एकही ट्रिप न चुकता वर्षाला दीड लाख खिशातून घालावे लागणार. यात टायर, विमा, पासिंग हे काही धरलेलेच नाही.

आता या धंद्याची दोरी कोणाच्या हातात आहे ते पाहू. गोव्याचे खनिज बहुतांशी कमी प्रतीचे, म्हणजे 58 टक्क्यांहून कमी लोह असलेले. त्याचे मोठे गिऱ्हाईक चीन. तिथली घरबांधणी 2021 पासून मंदावली आहे आणि पोलादाची मागणी तिच्यावरच बरीच अवलंबून असते. 62 टक्के लोहाच्या मालाचा भाव 2011 च्या फेब्रुवारीत टनाला 190 डॉलरच्या आसपास होता, 2015 च्या डिसेंबरात तो 40 च्याही खाली गेला. 2021 च्या मे महिन्यात 200 च्या वर चढला आणि त्याच नोव्हेंबरात 90 च्या खाली आला. आपल्या मालाला याहूनही कमी भाव मिळतो. त्यात पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात सिमांडू ही प्रचंड खाण 2025 च्या नोव्हेंबरात सुरू झाली. तिथला माल 65 टक्क्यांच्या आसपासचा, आणि पूर्ण क्षमतेने वर्षाला 12 कोटी टन निघणार. त्यात चिनी कंपन्यांची मोठी भागीदारी आहे. पोलाद कारखान्यांचा नफा घटला की ते स्वस्त, कमी प्रतीचा माल जास्त घेतात, हेही खरे. तेव्हा गोव्याचा माल पडूनच राहील असे मी म्हणत नाही. मात्र तो कधी उचलला जाईल, हे तुमच्या हप्त्याच्या तारखा पाहून ठरणार नाही.

दिल्लीचेही तसेच. 2022 च्या 22 मे रोजी केंद्राने लोहखनिजावर सरसकट 50 टक्के निर्यात शुल्क लावले. कमी प्रतीच्या मालावर तोवर काहीच शुल्क नव्हते. नोव्हेंबरात ते मागे घेतले, पण मधल्या सहा महिन्यांचे हप्ते कोणी थांबवले नसते. 2012 ची खाणबंदी आणि 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेले गोव्यातले 88 लीज, म्हणजे खाणपट्टे, तर तुमच्या घराने सोसले आहेत. वडिलांचा ट्रक कवडीमोलाने गेला, हे तुमच्याच पत्रात आहे.

रुपया घसरला की निर्यातदाराचे उत्पन्न वाढते म्हणून आपलेही वाढेल, असा तुमचा समज दिसतो. तसे होत नाही. तुम्हाला भाडे रुपयांत मिळते. उलट कच्चे तेल आपण बाहेरूनच आणतो, त्यामुळे रुपया पडला की डिझेल महाग व्हायचा धोका तुमच्याच माथी.

तर मी असे करेन. ठेवीतले 6 लाख हात न लावता ठेवा, मुलीची दहावी-बारावी आणि घरखर्च त्यात सुटेल. उरलेले 8 लाख घालून 15 लाखांपर्यंतचा जुना टिपर पाहा, विश्वासू मेस्त्रीकडून इंजिन तपासून घ्या. 7 लाखांचे कर्ज टिपरच्याच तारणावर, 4 वर्षांसाठी. व्याज 12 टक्के पडले तरी हप्ता साधारण 18,500 येतो. आठ महिन्यांत 5.60 लाख सुटले तर वर्षाचे हप्ते 2.21 लाख, दुरुस्तीलाही पैसा उरतो. पावसाळ्यातल्या चार हप्त्यांचे 74,000 मे अखेरपर्यंत वेगळ्या खात्यात टाका. खाण थांबलीच तर हा टिपर चिरे-रेती वाहील किंवा विकून कर्ज फिटेल. टेम्पो मात्र विकू नका.

इसार देण्याआधी वाहतूक कंत्राटदाराकडून तीन गोष्टी लेखी घ्या: टनामागचा दर, डिझेल वाढल्यास दर किती वाढेल आणि बिल किती दिवसांत मिळेल. बिलाला 60 दिवस लागणार असतील तर त्या दोन महिन्यांच्या डिझेलचे पैसेही वेगळे धरावे लागतील, आणि मग 15 ऐवजी 12 लाखांचा टिपर बघा. कंत्राटदार लेखी द्यायला तयार नसेल, तर या हंगामात थांबा.