अख्खा अल्बम ऐकताना: वाचकांचे प्रश्न

रॉक, फंक आणि इलेक्ट्रॉनिक संगीताच्या अल्बमविषयी आलेल्या पत्रांपैकी सांगली जिल्ह्यातल्या वाचकांची पाच पत्रे या वेळी निवडली आहेत. पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आयुष्यभर नाट्यसंगीत आणि ख्याल ऐकला. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने तिन्ही प्रकारांतले बरेच अल्बम मोबाइलवर भरून दिले आहेत. सुटी गाणी कधी बरी वाटतात, कधी नुसता गोंगाट. अख्खा अल्बम ऐकण्यात विशेष ते काय, आणि सुरुवात कोठून करावी?
(विश्रामबाग, सांगली)

उत्तर : ख्याल ऐकणारा कान बंदिशीचा मुखडा शोधतो आणि नाट्यपद ऐकणारा चाल शोधतो. आपण म्हणता त्या तीन प्रकारांत मात्र ऐकण्याजोगी गोष्ट दर वेळी वेगळ्या ठिकाणी असते, आणि ती जागा ठाऊक नसली की उरतो तो गोंगाट. रॉकमध्ये ती बहुधा रचनेच्या मांडणीत आणि गिटारच्या नादात असते, फंकमध्ये खर्जात वाजणारा बेस आणि ड्रम यांच्या लयीत, तर इलेक्ट्रॉनिक संगीतात आवाजाचा रंग सावकाश पालटत जाण्यात.

अल्बम हा प्रकार तबकडीच्या मापातून घडला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटेच मावत, आणि मिरजेत ज्यांचे नाव आजही अदबीने घेतले जाते त्या अब्दुल करीम खाँसाहेबांनाही ‘जमुना के तीर’ ही भैरवी तेवढ्याच वेळात बसवावी लागली. कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी एलपी आणली, तेव्हा एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. पुढे साठच्या दशकात रॉक कलावंतांनी ही जागा सुट्या गाण्यांनी भरण्याऐवजी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसंध बांधायला सुरुवात केली, आणि कोणते गाणे कोणत्या गाण्यानंतर यावे हा प्रश्न गाण्याइतकाच महत्त्वाचा झाला.

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक गटाच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या मार्च १९७३ च्या अल्बमपासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन. तो हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि त्याच ठोक्यांत विरून जातो. मधली गाणी एकमेकांत मिसळली आहेत आणि खरा खंड एकच आहे, तबकडी उलटण्याचा. पहिल्या बाजूच्या अखेरीस क्लेअर टोरी या गायिकेचा शब्दांविना गायलेला आवाज येतो. आलापीची सवय असलेल्या आपल्यासारख्या श्रोत्याला तो परका वाटणार नाही.

दुसरी बाजू ‘मनी’ या गाण्याने उघडते. नाण्यांचा खणखणाट आणि गल्ल्याचा आवाज असलेले ध्वनिफितीचे तुकडे जोडून त्याचा आरंभ केला आहे. येथे मात्रा मोजून पाहाव्यात, त्या सात भरतात. आपल्याला रूपक आठवेल, पण रूपकात समेवर खाली असते, तर येथे पहिल्याच मात्रेवर बेस गिटारचे पूर्ण वजन पडते. सॅक्सोफोनचे वादन सातातच चालते. गिटारची पाळी आली की सगळे सात सोडून चार मात्रांवर येतात, आणि गायन पुन्हा सुरू होताना साताकडे वळतात. गटातल्या डेव्हिड गिल्मोरच्या त्या गिटारवादनाचे तीन टप्पे आहेत. पहिला घुमारा असलेला, दुसरा इतका कोरडा की वाद्य आपल्याच खोलीत वाजते आहे असे वाटावे, आणि तिसऱ्यात सारा आवाज पुन्हा उसळून येतो. हे गाणे अल्बममधले सर्वांत गाजलेले असले तरी त्याचे शब्द मला बेताचेच वाटतात. त्याचा जीव या मधल्या वादनात आहे.

दुसऱ्यांदा ऐकताना पहिल्या बाजूवरचे ‘ऑन द रन’ लक्षपूर्वक ऐकावे. सिंथेसायझरवर, म्हणजे विजेने आवाज घडवणाऱ्या वाद्यावर, आठ स्वरांची एक साखळी भरून ती अतिशय वेगाने फिरवत ठेवली आहे. रॉकच्या अल्बममध्ये बसलेली ती सरळसरळ इलेक्ट्रॉनिक रचनाच आहे, त्यामुळे मुलाने दिलेल्या बाकीच्या अल्बमकडे जाण्याची वाट तेथूनच निघते.

प्रश्न : मी तबला शिकते. फंकमध्ये एकच ठेका दहा-दहा मिनिटे चालतो, ना कायदा, ना विस्तार. त्यात रस कसा घ्यावा?
(तासगाव)

उत्तर : तबला शिकणाऱ्या व्यक्तीने हा प्रश्न विचारला याचा मला विशेष आनंद आहे, कारण फंकची गोडी सर्वांत आधी तुम्हालाच लागायला हवी. रॉकमध्ये आणि त्याआधीच्या बहुतेक अमेरिकी नाचाच्या संगीतात चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर असतो. श्रोते टाळ्याही तेथेच देतात. अमेरिकी गायक जेम्स ब्राउन यांनी साठच्या दशकाच्या मध्यापासून वादकांना पहिल्या मात्रेवर एकत्र यायला लावले. क्लाइड स्टबलफील्डने ड्रम वाजवलेले त्यांचे १९६७ चे ‘कोल्ड स्वेट’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. समेवर येणे तुम्हाला सांगायला नको. फरक इतकाच की ख्यालात समेपर्यंतची वाट गायक ठरवतो आणि तबला ती धरून ठेवतो, तर फंकमध्ये पहिली मात्रा सर्वांनी मिळून गाठायची आणि उरलेल्या वेळात कोणी कोणाच्या पायात यायचे नाही.

चार मात्रांच्या प्रत्येकी चार जागा केल्या की सोळा जागा होतात. बेस कोठे वाजतो यापेक्षा तो कोठे थांबतो, आणि ती रिकामी जागा गिटारने घेतली की कीबोर्डने, याकडे कान लावावा. विस्तार तेथे चालू असतो, फक्त तो एका वाद्यात नसून वाद्यांच्या आपसातल्या व्यवहारात असतो.

जाझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांच्या १९७३ च्या ‘हेड हंटर्स’ या अल्बममधली ‘कमेलियन’ ही पहिली रचना यासाठी उत्तम. ती पंधरा मिनिटांहून मोठी आहे, पण आरंभीची दोन मिनिटे दहा वेळा ऐकली तरी चालतील. प्रथम सिंथेसायझरवर हॅनकॉक यांनी स्वतः वाजवलेली बेसची ओळ एकटीच येते. तिच्या खाली हार्वी मेसनचे ड्रम येऊन बसतात. मग गिटारसारखे काहीतरी तुटक-तुटक वाजू लागते. या अल्बममध्ये गिटारवादक मुळातच नाही, तो पॉल जॅक्सन वरच्या पट्टीत वाजवत असलेला बेस गिटार आहे. त्यानंतर क्लॅव्हिनेट नावाचा विजेवर चालणारा, तार ठोकल्यासारखा टणत्कार करणारा कीबोर्ड आत येतो. एवढे झाल्यावरच मुख्य सुरावट येते. कोणी आल्यावर आधीच्याला किंचितही हलावे लागत नाही, प्रत्येकाची जागा आधीपासूनच राखून ठेवलेली असते. बोलांचा हिशेब करणाऱ्या कानाला त्यातली आखणी लगेच दिसेल.

त्यानंतर ‘पार्लमेंट’ या फंक गटाचा १९७५ चा ‘मदरशिप कनेक्शन’ ऐकावा. ब्राउन यांच्याकडे तयार झालेले बूट्सी कॉलिन्स, मेसियो पार्कर आणि फ्रेड वेस्ली हे वादक तेथे भेटतात, आणि अल्बमभर चाललेली अंतराळयानाची सारी थट्टा कळली नाही तरी काही बिघडत नाही. स्लाय अँड द फॅमिली स्टोन या गटाच्या १९७१ च्या ‘देअर्स अ रायट गोइन ऑन’ची गोष्ट वेगळी आहे. तो गढूळ, थकलेला, पहिल्यांदा मुळीच न आवडणारा अल्बम आहे, आणि त्यात यंत्राच्या ठेक्यावर माणसाने वाजवलेले ड्रम चढवले आहेत. तो सर्वांत शेवटी ऐकावा.

प्रश्न : आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्ये बनवण्याचा व्यवसाय आहे. इलेक्ट्रॉनिक संगीत यंत्रच वाजवते. मग त्यात कलावंताचे कर्तृत्व ते काय?
(मिरज)

उत्तर : यंत्र वेळ सांभाळते. काय वाजावे, ते किती वेळ तसेच ठेवावे आणि कोणत्या क्षणी किती बदलावे हे मात्र माणूस ठरवतो. तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवर तारेखालचा जीव, म्हणजे दोरा, केसभर सरकवला की सूर तोच राहून त्याचा रंग उघडतो किंवा मिटतो, हे तुमच्या घरात कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. सिंथेसायझरवरचा फिल्टर हेच काम करतो: सूर न हलवता त्यातले वरचे स्वरांश कमी-जास्त करतो. इलेक्ट्रॉनिक रचनेत चाल बदलत नाही म्हणून आपण कंटाळतो, तेव्हा बहुतेक वेळा बदल या रंगात चाललेला असतो आणि तिकडे आपले लक्षच नसते.

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवर्क या गटाचा १९७७ चा ‘ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस’ ऐकावा, त्यातही दुसरी बाजू. मिरज जंक्शनच्या गावात वाढलेल्या माणसाला रुळांवरचा तो ठेका ओळखू येईल. मूळ रचना संपते न संपते तोच ती ‘मेटल ऑन मेटल’मध्ये शिरते, सुरावट बाजूला होते आणि केवळ धातूवर धातू आपटल्याचे नाद उरतात. लोखंडाच्या आवाजाला इतक्या निगुतीने वागवलेले मी फार थोड्या ठिकाणी ऐकले आहे. याच अल्बमची सुरावट न्यूयॉर्कचे डीजे आफ्रिका बंबाटा यांनी १९८२ च्या ‘प्लॅनेट रॉक’मध्ये घेतली, आणि जर्मन यंत्रांचे संगीत न्यूयॉर्कच्या नाचणाऱ्या पोरांपर्यंत पोहोचले.

याच १९८२ साली आपल्या मुंबईत, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे घेऊन ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा अल्बम केला. त्यात भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग अखंड धावणाऱ्या ठेक्यावर मांडले आहेत. तेव्हा त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोत त्या तिन्हींपैकीच टीबी-३०३ या बेसयंत्रातून नाचाच्या संगीताची ॲसिड हाउस नावाची शाखा फुटली, आणि २०१० मध्ये हा अल्बम पुन्हा निघाला तेव्हा जाणकारांनी कान टवकारले. तुमची तक्रार काय असेल याचा मला अंदाज आहे. पट्टीच्या वाद्यावर स्वर बारा घरांत पक्के बसवलेले असल्यामुळे तोडीचा गंधार हवा तितका उतरत नाही. ती तक्रार रास्त आहे, मलाही तेथे खटकते. तरीही भैरवचा भाग एकदा शेवटपर्यंत ऐकावा. स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याची सोय त्या बेसयंत्रात आहे, त्यामुळे ठेका यंत्राचा असूनही चलन आपल्या ओळखीचे लागते.

प्रश्न : हे सगळे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकले तर चालेल का? हॉस्टेलवर दुसरी सोय नाही.
(सांगली)

उत्तर : रॉक कसाबसा चालेल, फंक मुळीच नाही. बेस गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, आणि मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून तो खर्ज जवळजवळ बाहेरच पडत नाही. ज्याच्यासाठी ऐकायचे तेच गळून जाते. साधे, कानात नीट घट्ट बसणारे इअरफोन पुरेसे आहेत. ॲपमधले शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावणारे बटण, बंद ठेवावे आणि दोन गाण्यांमध्ये खंड न पडू देणारी सेटिंग चालू करावी. अल्बमवर शफल आपोआप लागू नये म्हणून स्पॉटिफायने २०२१ मध्ये आपले बटणच बदलले, आणि ते ॲडेल या गायिकेच्या सांगण्यावरून, यावरून कलावंतांना क्रमाचे किती वाटते ते दिसते.

प्रश्न : आजोबांचा चावीचा ग्रामोफोन अजून उत्तम चालतो. जुन्या बाजारात रॉकच्या दोन एलपी मिळाल्या. त्याच्यावर लावल्या तर?
(मिरज)

उत्तर : कृपया लावू नका. तो ग्रामोफोन ७८ फेऱ्यांचा आहे, त्यामुळे गाणे दुपटीहून जास्त वेगाने पळेल. त्याहून वाईट म्हणजे एलपीच्या खाचा पुष्कळ बारीक असतात आणि जड भुजेखालची पोलादी सुई त्या एका फेरीतच खरवडून काढते. एलपीसाठी हलक्या भुजेचा टर्नटेबल लागतो. तो मिळेपर्यंत तबकड्या उन्हापासून दूर उभ्या ठेवाव्यात, एकावर एक आडव्या रचू नयेत, आणि धूळ पुसताना कोरडे मऊ कापड खाचांच्या दिशेने, गोलाकार फिरवावे.