नाशिकहून एका दिवसात सायन्स सेंटर, तारांगण आणि राणीची बाग होईल का? मुलं ६ आणि ११ वर्षांची आहेत.

होईल. मी केलंय. संध्याकाळी महालक्ष्मी स्टेशनच्या फलाटावर सहा वर्षांचा पुतण्या फतकल मारून बसला आणि "मला काहीच बघायचं नाही" म्हणून भोकाड पसरलं, तेव्हा त्याचं सगळं बघून झालेलं होतं!

म्हणून पुढच्या खेपेला फक्त वरळीचं नेहरू सायन्स सेंटर ठेवलं, आणि तेही अर्धंच झालं. अडकलो सेंटरच्या स्वतःच्या विज्ञान-बागेतच. तिथे समोरासमोर, बऱ्याच अंतरावर, दोन मोठ्या खोलगट तबकड्या आहेत. एका तबकडीपाशी एकाने कुजबुजायचं, दुसऱ्याने पलीकडे ऐकायचं. माझी लेक आधी भावाकडे तोंड करून ओरडत होती. त्याला काही कळेना, मधे येणारे-जाणारे मात्र दचकत होते. मला सांगायचा मोह होत होता, पण या वेळी जीभ आवरली. दहा मिनिटांनी तिलाच उमगलं की भावाकडे पाठ करायची आणि तबकडीशी बोलायचं. ठरावीक जागी तोंड धरलं की आवाज तबकडीवर आपटून सरळ झोतासारखा पलीकडे जातो, आणि समोरची तबकडी तो पुन्हा एका बिंदूत गोळा करते. कान त्या बिंदूपासून वीतभर जरी सरकला तरी आवाज विरतो. हे तिने कान पुढेमागे करून शोधलं. मग दोघांची गुपितं सुरू झाली, ती पाऊण तास!

याचा पुढचा भाग घरी घडला. आठवड्याने गच्चीवर कपडे वाळत घालताना ती म्हणाली, "आई, टीव्हीच्या छत्रीपुढे तो दांडा आहे ना, तो छत्रीचा कान आहे." बरोबरच होतं की! लगेच दुसरा प्रश्न: सगळ्या बिल्डिंगच्या छत्र्या एकाच बाजूला का बघतात? उपग्रह विषुववृत्तावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो, आपण त्याच्या उत्तरेला, म्हणून छत्र्या साधारण दक्षिणेकडे, एवढं सांगता सांगता माझी भाजी करपली.

तर तुमच्यासाठी. धाकट्याला आधी बागेतच सोडा, आतली दालनं त्याला लवकर जड होतात. बागेत वाफेचं इंजिन आहे, ट्रामचा डबाही आहे. मुंबईत ट्राम १९६४ साली बंद झाली, त्यामुळे बरोबर आजोबा असतील तर तिथे अर्धा तास जास्तीचा धराच. थोरली प्रकाश-आरसे-यंत्रं यांत रमेल. शक्य असेल तर दोन मोठी माणसं जा, एक बागेत, एक आत. सहा आणि अकरा वर्षांच्या मुलांना एकाच वेगाने फिरवायला गेलात की दोघंही कुरकुरतात.

पाट्या मोठ्याने वाचून दाखवू नका. मी शिक्षकांच्या घरातली, मला हे फार कठीण गेलं. मूल हँडल फिरवत असताना आपण "बघ, इथे लिहिलंय..." म्हटलं की त्याचा हात थांबतो. विचारलं तर सांगा, नाहीतर शेजारी बाकावर बसून चहाची वाट बघा.

थंडीत शाळांच्या सहली असतात. रांगेतली पन्नास मुलं एका उपकरणावर आली तर आपण दुसरीकडे सरकायचं, पाच मिनिटांत ती पुढे जातात, कारण त्यांच्या बाईंना सगळं दाखवायचं असतं.

थोडं मोठ्यांसाठी: बाग आधीची, १९७९ सालची, ते आंतरराष्ट्रीय बालवर्ष होतं. मुख्य केंद्र १९८५ च्या नोव्हेंबरात खुलं झालं. इमारतीचे वास्तुरचनाकार अच्युत कानविंदे, मूळ आचऱ्याचे. आमच्या मालवणी सासूबाईंनी प्रदर्शन सोडून हेच लक्षात ठेवलंय.

टॅक्सीवाल्याला नुसतं "नेहरू" सांगू नका. तारांगणही नेहरूंच्याच नावाचं आणि वरळीतच आहे, पण इमारत वेगळी. सायन्स सेंटर ई. मोझेस रोडवर, महालक्ष्मी स्टेशनच्या बाजूने जवळ.

आणि राणीची बाग हवीच असेल तर मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी सकाळी जा. फक्त तो बुधवार नको, बुधवारी बंद असते.